नंबर झाकला होता

एटापल्लीत तहसीलच्या रस्त्याला माझं ऑनलाइन सेंटर आहे. एक कॉम्प्युटर, झेरॉक्स मशीन, लॅमिनेशनचं यंत्र आणि समोर लोकांना बसायला बाक. माझं माहेर वडशाचं, ऐन बाजारपेठेतलं. लग्न होऊन इकडे आले तेव्हा नवऱ्याच्या नोकरीपलीकडे या गावात आपलं काही नाही, असं वाटून रडू यायचं. सेंटर टाकलं आणि दोन-तीन वर्षांत चित्र पालटलं. बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीपर्यंत जायचं तर दहा जण थांबवायचे. मला ते फार आवडायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या आवडीतूनच झालं.

इथली एक रीत शहरातल्या माणसाला पटत नाही. आतल्या गावांतून माणूस येतो तो अर्धा रस्ता पायी आणि अर्धा जीपला लटकून. आधार कार्ड, जातीचा दाखला, पासबुक, असेल तो सगळा गठ्ठा तो एकदाच आणतो आणि म्हणतो, "बाई, हे तुमच्याजवळच राहू द्या. घरी उंदरं खातेत." कागद मी परत द्यायची, पण स्कॅन करून ठेवायची. गावाच्या नावाचं फोल्डर, त्यात माणसाच्या नावाचं फोल्डर. कुणाकडे फोन नसायचा, फोन असला तर गावात रेंज नसायची. मग फॉर्मवर मोबाइल नंबर कुणाचा टाकायचा? माझा. ओटीपी माझ्या फोनवर यायचा. पासवर्डही मीच ठरवायची आणि सगळ्यांना एकच ठेवायची, म्हणजे विसरायला नको.

बँकेच्या दारातून लोक मला फोन करायचे. "बाई, माझा आधार नंबर सांगा ना वो, कागद घरीच राह्यला." मी फाइल उघडून घडाघडा वाचून दाखवायची. नवऱ्याला चिडवायची की तुमच्या साहेबापेक्षा माझ्याकडे जास्त तालुका आहे. तो म्हणायचा, "जपून कर." मी म्हणायची, "तुम्ही तुमचं हजेरीपत्रक सांभाळा."

एकदा कर्ज देणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा माणूस आला होता. पॉलिश केलेले बूट, गळ्यात ओळखपत्र. त्याला माझ्याकडची नावं आणि नंबर हवे होते, एका नावामागे इतके रुपये देतो म्हणाला. मी त्याला असा फैलावर घेतला की बाकावरची माणसं उठून बघायला लागली. मी कुणाचं काही विकत नाही, हे मी मोठ्याने बोलले. ते खरंच होतं. आठवडाभर मी ती गोष्ट येईल त्याला रंगवून सांगत होते.

ती मुलगी आपल्या आईबरोबर आली ती पावसाळा संपता संपता. वय वीस-एकवीस, बारावी झालेली, बारीक अंगाची. गाव इथून बरंच आत. काम होतं दिव्यांग कार्डाचं. तिला सिकलसेल होता. आमच्या भागात हा रक्ताचा आजार घरटी माहीत आहे. सांधे दुखतात, थंडीत माणूस अंथरुणातून उठत नाही, मधूनमधून रक्त चढवावं लागतं. आईबापाकडून येतो, म्हणून लग्न जुळवताना लोक आधी त्याचीच कुजबुज करतात. कार्ड मिळालं की एसटीत सवलत मिळते, दवाखान्याच्या फेऱ्या जरा सोप्या होतात.

बाकावर चार माणसं बसली होती. मुलगी माझ्या खुर्चीजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, हे जरा तिकडं फिरवता का?" तिचा हात स्क्रीनकडे होता. मी स्क्रीन भिंतीकडे फिरवला आणि बाकावरच्यांवर खेकसले, "बाहेर बसा जरा, गर्दी नका करू." तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. आई म्हणाली, "म्हणूनच तुमच्याकडं आणली बाई इले. त्या दुसऱ्या दुकानात माणसं मांगं उभे राहून वाचत राह्यतेत."

फोटो मीच काढला. तिच्या केसांची बट मी हाताने मागे सारली, पांढऱ्या पडद्यापुढे उभी केली. फोटो सुरेख आला. काही महिन्यांनी कार्ड आलं, तेव्हा मी ते लॅमिनेशन करून तिच्या हातात दिलं आणि रिवाजाप्रमाणे एक प्रत माझ्या फोल्डरमध्ये टाकली.

हिवाळ्यात ते दुसरं दुकान मोठं झालं. त्याने दोन कॉम्प्युटर घेतले, चौकात फ्लेक्स लावला. माझ्याकडची गर्दी ओसरली असं मला वाटायला लागलं. खरं तर ओसरली नव्हती. जळफळाट मात्र होता. मग मी ठरवलं की आपण व्हॉट्सॲपवर जाहिरात करायची. दिव्यांग कार्डाची कामं माझ्यासारखी कुणी करत नव्हतं, तर तीच दाखवावी. नमुना म्हणून एखादं कार्ड हवं होतं. मी फोल्डर चाळले. बहुतेकांचे फोटो काळवंडलेले, डोळे मिटलेले. तिचा तेवढा स्वच्छ होता. मी तिचं कार्ड घेतलं.

आणि मी काळजीही घेतली. कार्डावरच्या नंबरावर मी काळी पट्टी ओढली. नंबर कुणाला दाखवू नये, एवढं मी ऐकून होते. पट्टी सरळ यावी म्हणून दोनदा पुसून पुन्हा ओढली. तिचं नाव, गावाचं नाव, आजार आणि माझ्या हाताने बट सारलेला तो चेहरा, हे सगळं तसंच राहिलं. भोवती फुलांची किनार टाकली. वर लिहिलं, सिकलसेलचे कार्ड येथे खात्रीने काढून मिळेल. खाली माझा नंबर. स्टेटसला ठेवलं आणि तीन-चार गावांच्या ग्रुपवरही टाकलं.

दिवस निवडला तोही हुशारीने. आतल्या गावांतल्या फोनला आठवडाभर रेंज नसते. बाजाराला माणूस इथे पोचला की खिशातला फोन टुणटुण वाजायला लागतो आणि आठवड्याचे सगळे निरोप एकदम उतरतात. मी बाजाराच्या आदल्या दिवशी जाहिरात टाकली. दुसऱ्या दिवशी कितीजणांनी बघितली हे मी दर अर्ध्या तासाने मोजत होते आणि खूश होत होते.

तीन दिवसांनी तिची आई आली, एकटीच. बाकावर बसली नाही, दारात उभी राहिली. मला वाटलं काही फॉर्म असेल. मी म्हटलं, "या ना, आत या."

ती म्हणाली, "बाई, पोरीची सोयरीक मोडली."

आलापल्लीकडच्या एका मुलाशी तिचं ठरत आलं होतं. मुलगा ट्रॅक्टर चालवायचा. दोघांची ओळख आधीची, तिथूनच घरच्यांत बोलणी सुरू झाली होती. आजाराचं त्याला अजून सांगितलेलं नव्हतं. सांगायचं ठरलेलं होतं. गावात येणाऱ्या नर्सने समजावलं होतं की दोघांनी रक्त तपासून घ्या, मग काय ते ठरवा. पुढच्या सोमवारी दोघं दवाखान्यात जाणार होती आणि त्याआधी, वाटेत, मुलगी त्याला स्वतः सांगणार होती. तिने आईला बजावून ठेवलं होतं की तुम्ही कुणी बोलायचं नाही, मीच बोलणार. त्याआधी बाजारात मुलाच्या काकाच्या फोनवर माझी जाहिरात उतरली.

"आमी लपवणार नव्हतो बाई," ती म्हणाली. "आमी सांगणारच होतो."

मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं ते आज मला चांगलं कळतं. मी म्हटलं, "पण मी नंबर झाकला होता ना!" आणि मोबाइल काढून तिला ती काळी पट्टी दाखवायला लागले. बाईला वाचता येत नव्हतं. ती पट्टीकडे बघत नव्हती, मुलीच्या फोटोकडे बघत होती. तो फोटो तिने मोठा केलेला पहिल्यांदाच पाहिला असावा.

ती पट्टीकडे बघेना म्हणून मी आणखी चिडले. मी तोंडाची फटकळ आहे, माझं चुकलं की माझा आवाज चढतो. मी म्हटलं, "आणि बरंच झालं म्हणा. लग्नानंतर कळलं असतं तर पोरीले घरी आणून सोडली असती त्यानं."

हे वाक्य मी बोलले. तिच्या दारात जाऊन नव्हे, ती माझ्या दारात उभी असताना. बाईने पदर डोक्यावरून नीट घेतला आणि म्हणाली, "असन बाई." मग वळून निघून गेली. स्टेटस एका दिवसात आपोआप गेलं होतं. मी ग्रुपवरचे निरोप पुसायला गेले, पण तीन दिवस उलटले होते, ते सगळ्यांच्या फोनवरून पुसायची मुदत संपली होती. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. भाजी करपली तेव्हा तो म्हणाला, लक्ष कुठे आहे? मी त्याच्यावरच ओरडले.

तिच्या गावी जायला पाहिजे, असं मला दुसऱ्याच दिवशी वाटलं. मग वाटलं, रविवारी जाऊ. मग रस्ता खराब होता. मग तेंदूपानाचा हंगाम आला, माणसं घरी सापडायची नाहीत. बहाण्यांना काय तोटा? बाजाराच्या दिवशी तिच्या गावची जीप थांबली की मी आत जाऊन उगाच झेरॉक्सचं झाकण उघडून बघत बसायची.

पुढे आम्हा केंद्रचालकांना गडचिरोलीला बोलावलं. लोकांच्या माहितीबद्दल नवा कायदा आला आहे, त्याची बैठक. नागपूरहून एक तरुण मुलगी शिकवायला आली होती. तिने साध्या शब्दांत सांगितलं. माहिती घेताना माणसाला विचारायचं, कशासाठी घेतो ते सांगायचं, त्याच कामाला वापरायची, काम संपलं की पुसून टाकायची. आणि माझ्याबद्दल तुमच्याकडे काय काय आहे असं कुणी विचारलं, तर ते दाखवायचं. सभागृहात कुरकुर सुरू झाली. एक जण म्हणाला, "मॅडम, आमची एवढीशी दुकानं. मोठ्या कंपन्यांचा कायदा आमच्या डोक्यावर काऊन?" दुसरा म्हणाला, "आमच्या जंगलातल्या लोकायची माहिती घेऊन कोण काय करन? तिले काय भाव हाय?" सगळे हसले. मी हसले नाही. त्या माहितीचा भाव काय असतो, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

मग त्या शिकवणाऱ्या मुलीने विचारलं, "तुमच्यापैकी कुणी ग्राहकाचा कागद जाहिरातीसाठी वापरला आहे का? शिक्षा करायला विचारत नाही, बोलायला सोपं जावं म्हणून विचारते."

पुढच्या रांगेतल्या एका पोक्त माणसाने हात वर केला. त्याने कुणाच्या तरी पोरीची दहावीची गुणपत्रिका लावली होती, ती पहिली आली म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे दोन्ही हात पर्सवर होते. तिथेच राहिले.

परत आल्यावर मी नियम पाळायला लागले, आणि असे पाळले की कुणी माझ्याकडे बोट दाखवू नये. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं, तुमची माहिती आमच्याकडे काय काय आहे ते विचारा, नको असेल तर पुसून घ्या. सगळे फोल्डर काढून टाकायला घेतले, गावागावाच्या लोकांना निरोप धाडले की कागद घेऊन जा. माझा नंबर फॉर्मवर टाकणं बंद केलं. लोक वैतागले. एक म्हातारा तर भांडलाच, "इतके वर्षं ठेवले आमचे कागद, आता काय झालं? भरोसा तुटला का आमच्यावरचा?" मी त्याला कायदा समजावला. तो म्हणाला, "कायदा माह्या पायाले सांग. आता प्रत्येक खेपेला गठ्ठा घेऊन चालत येऊ का?" आणि तो दुसऱ्या दुकानात गेला. तिथे अजूनही सगळं ठेवून घेतात. बरीच माणसं तिकडे गेली आणि त्यांची चूक आहे असं मला म्हणवत नाही. वीस किलोमीटर पायी येणाऱ्याला दरवेळी मूळ कागद आण म्हणणं, हे कागदावर सोपं आहे.

दुकान निम्मं रिकामं राहायला लागलं तेव्हा मला आत कुठेतरी बरं वाटायचं. आपल्याला शिक्षा होते आहे, असं समजून मी बसायची. हा माझा आणखी एक लबाडपणा. शिक्षा भोगायला मी तयार होते, फक्त त्या एका गावच्या जीपमध्ये बसायला तयार नव्हते. आणि तिच्या नावाचं फोल्डर मी पुसलं नव्हतं. बाकीचे शेकडो पुसले. त्याच्यावर आले की हात थांबायचा. तिला विचारल्याशिवाय कसं पुसायचं, असं मी स्वतःला सांगायची.

वर्ष उलटून गेल्यावर ती मुलगी आली, एकटीच, एका दुपारी. दुकानात कुणी नव्हतं. आधीपेक्षा बारीक झाली होती. गडचिरोलीत एका दवाखान्यात कागद लिहायचं काम करते, म्हणाली. भिंतीवरचा कागद तिने उभ्या उभ्या पूर्ण वाचला. मग म्हणाली, "मॅडम, माझं काय काय हाय तुमच्याकडं? मले पाहाचं हाय."

मी सगळं छापून दिलं. तिचं आधार, पासबुक, दहावीत एकदा नापास झाल्याची गुणपत्रिका, रक्ताचे रिपोर्ट, आईच्या निराधार योजनेचा अर्ज, धाकट्या भावाचाही रक्ताचा रिपोर्ट. तो कधी स्कॅन केला मला आठवतही नव्हतं. बाकावर बसून तिने एकेक पान वाचलं. भावाच्या पानाशी थांबली, माझ्याकडे बघितलं आणि पान घडी करून वेगळं ठेवलं. तिने सांगितलं तसं मी तिच्यासमोर सगळं पुसलं, कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. तिने स्क्रीनजवळ येऊन खात्री करून घेतली.

मी वर्षभर मनात जुळवलेलं बोलले. माझं चुकलं, तुझ्या आईला मी बोलले तेही चुकलं, तुझा आजार होता, सांगायचा की नाही ते तू ठरवणार होतीस, माझ्यामुळे तुझं लग्न आजारापायी मोडलं. बोलताना मी रडले. तिने मला थांबवलं नाही. रडून झाल्यावर ती म्हणाली, "आजारापायी नाई मोडलं, मॅडम."

मी विचारलं, "मग कशापायी?"

"त्यानं बाजारातूनच फोन केला होता मले. मी त्याच्या फोनसाठी टेकडीवर रेंजमधी जाऊन बसली होती. काकाचा मोबाइल हातात होता त्याच्या. मांगं सगळे माणसं बोलत होते, मले ऐकू येऊन राह्यलं होतं. तो म्हणे, हे खरं हाय का? खरं असन तरी सांग, आपण तपासून घेऊ, मी येतो सोमवारी." तिने पिशवीत कागद भरले. "मी घाबरली. मी नाई म्हटलं. ती मी नाई, दुसरी कोणी असन, असं म्हटलं."

"मग?"

"मग काय. फोटो तर माझाच होता ना, साफ. तो म्हणे, आजाराचं मले काही नाई, पण तू माझ्याशी खोटं बोलली." पिशवीची चेन अडकत होती, ती तिने दोनदा ओढून लावली. "मी आजवर कोणाशी खोटं बोलली नोती, मॅडम. त्याच्याशीच पयल्यांदा बोलली."

तिची बस लागायची होती. ती गेली.